धुक्यातला भोंगा: कोणता, कधी आणि ऐकू आल्यावर काय करायचं

१२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल, वेगाने चाललेलं जहाज दोन मिनिटांत साधारण ७४० मीटर पुढे जातं. समोरून तेवढ्याच वेगाचं दुसरं जहाज येत असेल तर त्या दोन मिनिटांत दोघांमधलं अंतर जवळजवळ दीड किलोमीटरने घटतं. ५० मीटर लांबीच्या जहाजाचा भोंगा शांत हवेत अंदाजे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटरवर ऐकू जावा अशी नियमांची अपेक्षा आहे. दोन भोंग्यांमध्ये दोन मिनिटं जाऊ दिली, तर समोरच्याचा भोंगा तुम्हाला एकदा ऐकू येईल, नशीब बरं असेल तर दोनदा. त्या एका भोंग्यातून तो कुठे आहे हे नेमकं कळत नाही. तो आहे, आणि कोणत्या अवस्थेत आहे, एवढंच कळतं. म्हणून धुक्यात दोन कामं सारख्याच काटेकोरपणे करावी लागतात: आपली अवस्था सांगणारा बरोबर संकेत देणं आणि मधल्या शांततेत कान देऊन ऐकणं. नवीन माणूस पहिलं काम पाठ करून येतो आणि दुसरं विसरतो.

खाली दिलेले नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमावलीतले आहेत. ही नियमावली १५ जुलै १९७७ पासून लागू आहे. अपुऱ्या दृश्यतेतले ध्वनिसंकेत नियम ३५ मध्ये आहेत, तर अशा वेळी जहाज कसं चालवायचं ते नियम १९ मध्ये आहे. दोन्ही एकत्र वाचावेत. परीक्षेला ते वेगळे विचारतात, समुद्रात ते एकाच मिनिटात लागतात.

भाषा आणि साधनं

भोंग्याचे सगळे संकेत दोनच अक्षरांतून बनतात. आखूड भोंगा म्हणजे सुमारे १ सेकंद. लांब भोंगा म्हणजे ४ ते ६ सेकंद. हाताने वाजवताना माणूस घाईत असतो आणि लांब भोंगा अडीच-तीन सेकंदांतच सोडतो. पलीकडच्याला तो लांब की आखूड ते ठरवता येत नाही. मनात सावकाश पाच अंक मोजा, मगच बटण सोडा.

साधनं जहाजाच्या लांबीवर ठरतात. १२ मीटर किंवा जास्त लांबीच्या जहाजावर भोंगा हवा. २० मीटरपासून पुढे भोंग्याबरोबर घंटा. १०० मीटरपासून पुढे गाँगसुद्धा, म्हणजे ठोकून वाजवायची धातूची थाळी, आणि त्याचा आवाज घंटेशी गोंधळ होणार नाही इतका वेगळा हवा. घंटा आणि गाँगऐवजी तसाच आवाज काढणारं विजेवरचं उपकरण चालतं, पण हाताने वाजवण्याची सोय कायम हवी. २० मीटर किंवा त्याहून मोठ्या जहाजाच्या घंटेच्या तोंडाचा व्यास किमान ३०० मिलिमीटर लागतो. १२ मीटरपेक्षा लहान होडीवर ही साधनं सक्तीची नाहीत, पण परिणामकारक आवाज करण्याचं काहीतरी साधन असलंच पाहिजे.

भोंग्याचा सूरही लांबीनुसार ठरलेला आहे. २०० मीटर आणि त्यापुढच्या जहाजाचा भोंगा ७० ते २०० हर्ट्झ, ७५ ते २०० मीटरवाल्याचा १३० ते ३५० हर्ट्झ, आणि ७५ मीटरपेक्षा लहान जहाजाचा २५० ते ७०० हर्ट्झ. म्हणून खर्जातला, पोटात घुमणारा आवाज आला तर धुक्यात काहीतरी मोठं आहे असं समजावं. चिरका आवाज आला तर लहान नौका. पल्ला याच क्रमाने २ सागरी मैल, दीड मैल, २० ते ७५ मीटरच्या जहाजांसाठी १ मैल आणि २० मीटरपेक्षा लहानांसाठी अर्धा मैल धरलेला आहे. मात्र हे आकडे शांत हवेतले आणि ऐकण्याच्या जागी सरासरी गोंगाट असतानाचे आहेत. जोराचा वारा असला की ते पुष्कळ खाली येतात.

पहिली पायरी: कधी सुरू करायचं

अपुरी दृश्यता म्हणजे फक्त धुकं नव्हे. विरळ धुकं, पडता बर्फ, मुसळधार पाऊस, वाळूचं वादळ आणि अशीच इतर कारणं, सगळी त्यात येतात. पावसाच्या जोरदार सरीत भोंगा वाजवायचा असतो हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दिवस-रात्र असा भेद नाही.

किती मैलांखाली दृश्यता अपुरी म्हणायची याचा आकडा नियमात नाही. तो कप्तानाच्या लेखी आदेशात असतो. वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, घेण्याआधी वाचून घ्या. (ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा.) प्रत्यक्ष दृश्यता मोजण्याची सोपी रीत अशी: रडारवर दिसणारं एखादं जहाज डोळ्यांना पहिल्यांदा दिसतं त्या क्षणी त्याचं रडारवरचं अंतर बघायचं. तीच तुमची दृश्यता. रात्री मात्र दिवे लांबून दिसतात, त्यामुळे हे माप फसवं ठरू शकतं. आपल्या दिव्यांभोवती उजेडाचं वलय दिसू लागलं, की धुकं अंगाशी आलंय असं समजा.

नियमातला सगळ्यात दुर्लक्षित शब्द 'जवळ' हा आहे. संकेत धुक्याच्या आत असतानाच नव्हे, तर त्याच्या जवळून जातानाही द्यायचे असतात. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि दोन मैलांवर पांढरी भिंत उभी असेल, तर त्या भिंतीच्या आतल्या जहाजाला तुम्ही दिसत नाही आणि तेही तुम्हाला दिसत नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या नँटकेट बेटाजवळ 'अँड्रिया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' या प्रवासी जहाजांची टक्कर झाली, तेव्हा नेमकी हीच परिस्थिती होती. डोरिया धुक्यातून भोंगा वाजवत येत होती. स्टॉकहोमच्या ब्रिजवरून रात्र स्वच्छ दिसत होती, म्हणून तिचा भोंगा गप्प होता.

दुसरी पायरी: ब्रिज तयार करणं

पुढची कामं क्रमाने करायची असली तरी प्रत्यक्षात ती मिनिटा-दोन मिनिटांत उरकावी लागतात. कप्तानाला बोलवा. इंजिन रूमला कळवा, म्हणजे इंजिन तत्काळ वेग बदलायला तयार राहील. वेग परिस्थितीला साजेल इतका कमी करा. दिवस असला तरी मार्गदर्शक दिवे लावा. हाताने सुकाणू धरायला माणूस ठेवा आणि टेहळणीला जादा माणूस लावा. दोन्ही रडार सुरू करा, एक जवळच्या आणि एक लांबच्या पल्ल्यावर.

मग भोंगा. हवेवर चालणाऱ्या भोंग्याच्या नळीत पाणी साचलेलं असतं. अशा वेळी पहिला भोंगा घोगरा येतो, किंवा नुसतीच फुसफुस होते. म्हणून नळीतलं पाणी आधी काढून टाका, हवेचा दाब बघा, आणि वेळ असेपर्यंत एकदा वाजवून खात्री करा. भोंग्याजवळ डेकवर कोणी काम करत असेल तर त्याला आधी हटवा. हा आवाज जवळून कानाला इजा करतो. ऐकण्याच्या जागी भोंग्याची पातळी ११० डेसिबलच्या वर जाऊ नये असं नियमावली सांगते, ते याचसाठी.

शेवटी ब्रिजच्या पंखांकडची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उघड्या सज्जांकडची, दारं उघडा. वातानुकूलित ब्रिजची दारं बंद ठेवून धुक्यात जाणं म्हणजे कानात बोळे घालून रस्ता ओलांडणं. ब्रिज पूर्ण बंदिस्त असेल तर बाहेरचा आवाज आत ऐकवणारी मायक्रोफोनची यंत्रणा बसवलेली असते. ती चालू आहे का आणि तिचा आवाज शून्यावर तर नेलेला नाही ना, ते बघा. वारंवार येणाऱ्या वाऱ्याच्या घोंघावण्याला कंटाळून कोणीतरी तो कमी केलेला असतो.

तिसरी पायरी: आपला संकेत निवडणं

स्वतःला एक-एक प्रश्न विचारत जा.

जहाज नांगरलेलं, धक्क्याला बांधलेलं किंवा रुतलेलं नाही ना? मग ते नियमाच्या भाषेत 'चालतं' आहे, इंजिन बंद असलं तरी.

यंत्रावर चालणारं जहाज पाण्यातून पुढे सरकत आहे का? मग एक लांब भोंगा, जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने.

तेच जहाज थांबलेलं आहे आणि पाण्यातून अजिबात सरकत नाही? मग दोन लांब भोंगे, मध्ये सुमारे २ सेकंदांची उसंत, हेही जास्तीत जास्त दर २ मिनिटांनी.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. इंजिन थांबवलं की लगेच दोन भोंगे सुरू करणारे अधिकारी कमी नाहीत. भरलेलं मोठं जहाज इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ स्वतःच्या जोमाने पुढे जात राहतं. तोवर संकेत एकाच लांब भोंग्याचा. ऐकणाऱ्याला दोन भोंगे सांगतात की 'हा जागेवर आहे, याच्या बाजूने जाता येईल'. ते खोटं असेल तर तुम्हीच त्याला फसवलंत. निर्णय जीपीएसवरून घेऊ नका. जीपीएस जमिनीच्या मानाने वेग दाखवतं, नियम पाण्याच्या मानाने विचारतो. प्रवाहात जागच्या जागी तरंगणारं जहाज जीपीएसवर दोन नॉटने 'चालताना' दिसेल, आणि प्रवाहाविरुद्ध इंजिन चालवत एका जागी टिकून राहिलेलं जहाज शून्य दाखवेल. पाण्यातला वेग मोजणाऱ्या लॉगकडे बघा. तो नसेल तर जहाजाच्या कडेला पाण्यावरचा फेस किंवा कचरा मागे जातोय का ते बघा.

पुढचा प्रश्न: बाजूला होणं तुम्हाला अवघड आहे का? सुकाणू किंवा इंजिन बिघडून ताब्यात नसलेलं जहाज, केबल टाकणं वा गाळ काढणं अशा कामामुळे हालचाल मर्यादित असलेलं, तळ पाण्यात खोलवर असल्यामुळे वळायला जागा नसलेलं, शिडाचं, मासेमारीत गुंतलेलं, दुसऱ्याला ओढणारं किंवा ढकलणारं, या सर्वांना एकच संकेत आहे: एक लांब आणि लगेच दोन आखूड, जास्तीत जास्त दर २ मिनिटांनी. मोर्समधलं हे डी अक्षर, आणि संकेतसंहितेत त्याचा अर्थच 'माझ्यापासून दूर राहा, मला वळणं कठीण आहे' असा आहे. अर्थ लक्षात ठेवला की यादी आपोआप आठवते. दोन लांब भोंग्यांचं एम अक्षरही तसंच: 'माझं जहाज थांबलं आहे, पाण्यातून सरकत नाही.'

या गटातली जहाजं थांबलेली असली तरी संकेत बदलत नाही. इंजिन बिघडून तरंगणारं जहाज दोन लांब भोंगे देत नाही, एक लांब दोन आखूडच देतं. शिडाच्या नौकेने इंजिन सुरू केलं, तर शिडं वर असली तरी ती यंत्रनौका ठरते आणि एकच लांब भोंगा देते. मासेमारी नौकाही जाळं आत घेऊन बंदराकडे निघाली की साधी यंत्रनौका.

ओढलं जाणारं जहाज, एकापेक्षा जास्त असतील तर रांगेतलं शेवटचं, त्यावर माणसं असतील तरच संकेत देतं: एक लांब आणि तीन आखूड. शक्यतो टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या जहाजाच्या, संकेतानंतर लगेच द्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच साखळीतले आहेत हे कळतं. धुक्यात 'एक लांब दोन आखूड' आणि त्यामागोमाग थोड्या अंतरावरून 'एक लांब तीन आखूड' ऐकलंत, तर दोन्ही आवाजांच्या मध्ये दोरखंड आहे. तिथून पार होण्याचा विचारही नको. ढकलणारं आणि ढकललं जाणारं जहाज पक्कं जोडून एकसंध झालं असेल, तर दोन्ही मिळून एक साधी यंत्रनौका समजतात.

पायलट बोट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटची ने-आण करणारी नौका, कामावर असताना आपल्या नेहमीच्या संकेताशिवाय चार आखूड भोंगे देऊ शकते. तिने ते दिलेच पाहिजेत असं नाही.

नांगरावर आणि रुतल्यावर

इथे अंतर निम्मं होतं: जास्तीत जास्त १ मिनिट. घंटा सुमारे ५ सेकंद भराभर वाजवायची. १०० मीटर किंवा जास्त लांबीच्या जहाजावर घंटा पुढच्या भागात, आणि ती संपताच मागच्या भागात गाँग सुमारे ५ सेकंद. दोन्हीकडे माणूस उभा करून एकाने दुसऱ्याची वाट बघायची असते. ठरवून न घेतल्यास दोघं एकदम वाजवतात, आणि मग जहाजाचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे सांगण्याचा मूळ हेतूच जातो.

कोणी जवळ येताना ऐकू आलं तर यासोबत भोंग्यावर एक आखूड, एक लांब, एक आखूड असा इशारा देता येतो. तो दर मिनिटाला देत बसू नका. टक्कर होईल अशा दिशेने येणाऱ्यासाठी तो राखून ठेवला तर त्याला वजन राहतं.

नांगरावर असूनही घंटा न वाजवणारे दोघं आहेत. नांगर टाकून मासेमारी करणारी नौका, आणि नांगर टाकून पाण्याखालचं काम करणारं हालचाल-मर्यादित जहाज. दोघंही घंटेऐवजी एक लांब दोन आखूड देतात.

रुतलेलं जहाज घंटेच्या आधी आणि नंतर तीन-तीन सुटे, स्पष्ट टोल देतं: तीन टोल, पाच सेकंद भराभर घंटा, पुन्हा तीन टोल, आणि लांबी १०० मीटर वा जास्त असेल तर गाँग. टोल सुटे ऐकू आले नाहीत तर ऐकणारा तुम्हाला नांगरावरचा समजेल आणि तुमच्या शेजारून, म्हणजे त्याच उथळ पाण्यातून, जायला बघेल. परिस्थितीला योग्य असा भोंगाही रुतलेलं जहाज देऊ शकतं, जसं दोन आखूड एक लांब: 'तुम्ही धोक्याकडे जात आहात'.

१२ ते २० मीटरच्या नौकांना घंटेची सक्ती नाही, आणि १२ मीटरपेक्षा लहान होड्यांना यातल्या कुठल्याच संकेताची नाही. पण दिला नाही तर २ मिनिटांच्या आत दुसरा कुठला तरी परिणामकारक आवाज करावाच लागतो. डब्यातला हवेचा हॉर्न चांगला, फक्त थंडीत त्याचा दाब पडतो आणि एका डब्यात रात्र निघत नाही. दोन डबे आणि तोंडाने फुंकायचा भोंगा सोबत असू द्या.

चौथी पायरी: ऐकणं

टेहळणीवाल्याला शक्यतो पुढे, नाळेवर उभं करा. तिथे इंजिनाचा आवाज नसतो. पण पुढच्या डोलकाठीवरचा भोंगा त्याच्या डोक्यावरच वाजत असेल तर त्याचे कान बधिर होतील. मागचा भोंगा असेल तर तो वापरा. १०० मीटरपेक्षा जास्त अंतरावर असलेले दोन भोंगे एकाच वेळी वाजणार नाहीत अशीच व्यवस्था असावी लागते. त्याने कळवायचं ते असं: दिशा, संकेताचा प्रकार, ऐकल्याची वेळ. 'डावीकडे दोन पॉइंट, एक लांब, जवळ येतोय असं वाटतंय.' एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश.

ही दिशा कच्ची माहिती समजा. हवेच्या वेगवेगळ्या तापमानाच्या थरांतून आवाज वाकतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर उचलला जातो आणि खाली ध्वनीची सावली पडते, म्हणून वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला जवळच असलेलं जहाज ऐकूच येत नाही आणि लांबचं स्पष्ट ऐकू येतं. आवाज मंद आहे म्हणजे जहाज दूर आहे, हे गृहीत धरू नका.

उंच किनारा किंवा मोठं जहाज जवळ असेल तर आपलाच भोंगा परत येतो. आपला भोंगा संपल्यावर दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी 'उत्तर' येत असेल तर तो प्रतिध्वनी असण्याची शक्यता मोठी. आवाज जाऊन परत येतो, म्हणून सेकंदाला साधारण १७० मीटर धरून आडव्या आलेल्या वस्तूचं अंतर काढता येतं.

स्वयंचलित टायमर सोयीचा, पण त्याचे दोन धोके आहेत. एक, समोरच्याचाही टायमर त्याच तालावर असेल तर दोघांचे भोंगे एकाच वेळी वाजत राहतात आणि कोणीच कोणाला ऐकत नाही. अंतर अधूनमधून बदला. २ मिनिटं ही कमाल मर्यादा आहे, दीड मिनिटाने वाजवायला कोणी अडवलेलं नाही. दोन, जहाजाची अवस्था बदलली तरी टायमर जुनाच संकेत देत राहतो. नांगर पडला आणि ब्रिजवरून एक लांब भोंगा चालूच आहे, असं घडतं.

पाचवी पायरी: भोंगा ऐकू आला

तो बीमच्या, म्हणजे जहाजाच्या मध्यातून काटकोनात काढलेल्या रेषेच्या, पुढून आल्यासारखा वाटला आणि टक्कर होण्याचा धोका नाही हे तुम्ही आधीच ठरवलेलं नसेल, तर वेग सुकाणू जेमतेम ऐकेल इतका कमी करा. गरज वाटली तर जहाज पूर्ण थांबवा. धोका टळेपर्यंत अतिशय सावधपणे चला. यासाठी खात्रीची वाट बघायची नाही. 'पुढून आल्यासारखा वाटला' एवढं पुरेसं आहे.

नुसत्या आवाजावरून वळू नका. आवाजाची दिशा चुकीची निघाली तर तुम्ही त्याच्याच पुढ्यात वळाल. रडारवर दिसणाऱ्या जहाजासाठी वळायचं असेल, तर ते बीमच्या पुढे असताना, आणि तुम्ही त्याला मागून ओलांडत नसाल तर, डावीकडे वळणं टाळा. बीमवर किंवा मागे असेल तर त्याच्या दिशेने वळणं टाळा. १९५६ च्या त्या रात्री डोरिया डावीकडे वळली होती आणि स्टॉकहोम उजवीकडे.

आणखी एक गैरसमज. एक लांब दोन आखूड देणाऱ्याला धुक्यात 'मान' मिळत नाही. एकमेकांना न दिसणाऱ्या जहाजांमध्ये कोणालाही आपला मार्ग तसाच धरून ठेवण्याचा हक्क नाही. काळजी दोघांनीही घ्यायची. तो संकेत फक्त एवढंच सांगतो की याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

वळणाचे आखूड भोंगे, म्हणजे एक उजवीकडे, दोन डावीकडे, तीन इंजिन उलटं, हे एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतानाच द्यायचे. धुक्यात इंजिन उलटं केलं म्हणून तीन आखूड वाजवाल, तर न दिसणारा त्याचा भलताच अर्थ लावेल. धुक्यातून जहाज अचानक डोळ्यांसमोर आलं की मात्र त्याच्यापुरते हे संकेत लागू होतात. धुक्याचा नेहमीचा संकेत इतरांसाठी चालूच ठेवायचा. आणि भोंगा अखंड वाजवत ठेवला तर तो संकटाचा संकेत होतो, त्यामुळे अडकलेल्या बटणाकडे दुर्लक्ष नको.

सहावी पायरी: थांबवणं

समोर स्वच्छ दिसलं म्हणून लगेच भोंगा बंद करू नका. मागे आणि बाजूला बघा. धुक्याची पट्टी जवळच असेल तर तुम्ही अजून 'जवळ' आहात. दृश्यता सगळीकडे सुधारल्यावर संकेत थांबवा, टायमर बंद स्थितीत आणा, इंजिन रूमला कळवा. लॉगबुकात धुक्यात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, अंदाजे दृश्यता, भोंगा सुरू-बंद केल्याची वेळ, वेगातले बदल, टेहळणीला कोण होतं आणि कोणते भोंगे कुठून ऐकू आले ते लिहा. पुढच्या वॉचवाल्याला टायमर कुठल्या संकेतावर ठेवला आहे ते तोंडी सांगा, आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्या.